दुकानाच्या फ्लेक्सवरची सून

लग्नसराईच्या तोंडावर दुकानाच्या फ्लेक्सवर कोणाचे फोटो टाकायचे, यावरून पारसमल शेठ आणि त्यांच्या सुनेत सकाळपासून वाद चालला होता. डोंगराच्या पायथ्याशी, खापर गावच्या बाजारात शेठचं कापडाचं जुनं दुकान. गेल्या वर्षी समोर दुसरं उघडलं आणि डोंगरातलं गिऱ्हाईक हळूहळू रस्ता ओलांडून तिकडे जायला लागलं. त्यात डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरच्या नानीबाईच्या मुलीचं लग्न ठरलेलं. नानीबाई लग्नाचा बस्ता जिथे बांधेल तिथेच तिचं सगळं गाव बांधणार, हे शेठना पक्कं ठाऊक होतं.

“पप्पाजी, आता जाहिरातीत नुसती गोरी मॉडेल चालत नाही,” सुरतेहून आलेली रूपल म्हणाली. “सगळे समाज दिसले पाहिजेत. पाटील, भिल्ल, पावरा. बघणाऱ्याला वाटायला हवं, दुकान आपलंच आहे.”

“मग बोलव त्यांना.”

“उद्या छापायचंय. घरातलेच उभे राहू. कपडे भाड्यानं मिळतात.”

शाळेच्या गॅदरिंगला कपडे पुरवणाऱ्याकडून गाठोडं आलं. शेठचा मुलगा डोक्याला टॉवेल गुंडाळून शेतकरी झाला. रूपल आदिवासी बाई झाली, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ. खाली मोठ्या अक्षरांत छापलं, ‘आपण सगळे, आपलं दुकान’.

“आपण सगळे म्हणजे आपल्या घरातलेच सगळे,” शेठाणी पतासीबाई पुटपुटल्या.

बाजाराच्या दिवशी नानीबाई बायकांचा घोळका घेऊन आली. फ्लेक्सपुढे थबकली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“शेठ, हाई तुन्ही वहू शे ना?”

“हो ना. तुमच्याच लोकांसाठी केलंय.”

“अरे, हाई तं आमना गडी बांधतस होळीमा! नवस ऱ्हास त्यास्ना. खाटवर बसतस नई, बायकोले शिवतस नई. तुन्ही वहूना काय नवस शे?”

घोळका हसत हसतच समोरच्या दुकानात शिरला. गल्ल्यावर बसलेल्या शेठना आतला हशा नीट ऐकू येत होता.

संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरला. शेठनी नानीबाईला निरोप धाडला, फोटोला तूच ये. शेतकरी म्हणून धानोऱ्याचं जुनं गिऱ्हाईक दोधू पाटील यालाही बोलावलं. रूपलनं दोघांना बजावलं, “येताना तुमचा नेहमीचा पोशाख घालून या.”

नानीबाई आली ती पोपटी जॉर्जेटची साडी नेसून, केसांना चमकत्या पिना लावून. दोधू पाटील टी-शर्ट आणि काळ्या गॉगलमध्ये.

“छान आहे साडी. आपल्याकडचीच ना?” शेठनी विचारलं.

“नई, समोरना दुकानमाईन लिनी. फोटो काढाना शे म्हनीसन.”

रूपलनं कपाळाला हात लावला. “यात कोण कुठला, ते लोकांना कळणार कसं?”

शेठ विचारात पडले. ही माणसं इतकी वर्षं त्यांच्या गादीवर बसून चहा प्यायली होती. कोणाला गडद रंग आवडतो, कोण पैसे देताना रुसतं, हे ते झोपेतही सांगू शकले असते. पोशाखावरून कोणाला ओळखायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

“ओळखणारे ओळखतील,” ते म्हणाले. “छापा.”

“समोरच्या दुकानाची साडी आपल्या फ्लेक्सवर?”

“बाई तर आपली आहे ना!”

पुढच्या बाजाराला माणसं फ्लेक्सखाली थांबून बोट दाखवायला लागली. “हाई तं आपली नानी!” पाठोपाठ नानीबाईच्या गावची खच्चून भरलेली जीप दारात उभी राहिली. बस्ता शेठकडेच बांधला गेला. शेठनी सगळ्यांना चहा पाजला, आणि सगळ्या घराला लग्नाचं आवतण मिळालं.

लग्नाच्या दिवशी शेठ सहकुटुंब डोंगर चढून गेले. गावाच्या तोंडाशी शुभेच्छुकांचा भलामोठा फ्लेक्स लावलेला होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध खुद्द शेठ! चेहरा त्यांचाच. पण डोक्यावर लाल-पिवळी जोधपुरी पगडी, गळ्यात मोत्यांची माळ आणि गालापर्यंत पिळलेल्या झुपकेदार मिशा. शेठनी उभ्या जन्मात मिशी ठेवली नव्हती.

“कसा दिसस, शेठ?” नानीबाई कौतुकानं म्हणाली. “आमना पोऱ्यास्नी बनाडं. पगडीबिगर लोकेस्ले कसं समजी, मारवाडी शेठ शे म्हनीसन?”

शेठनी सुनेकडे पाहिलं. ती पदराआड खोकत होती.

“चांगलं झालंय,” गुळगुळीत ओठावरून बोट फिरवत शेठ म्हणाले. “मिशी तेवढी जरा आखूड चालली असती.”