बूट जागेवर

सोफ्यावर साबण होता आणि काका नेमके त्याच्यावरच बसले.

साबण नवा होता, कोरडा होता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण ज्या माणसाने सगळी नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून काढली, अंधारात हात घातला तरी हवा तोच नट ज्याच्या हाती लागायचा, त्या माणसाच्या स्वतःच्या घरात साबण सोफ्यावर सापडावा? 'वस्तू जागेवर' हे काकांचं ब्रीदवाक्य. ते त्यांनी इतक्या जणांना इतक्यांदा ऐकवलं होतं की सगळी इमारत त्यांना 'जागेवर काका' म्हणायची.

"अगं, साबण इथे कोणी ठेवला?"

"मीच. उचलू नका हं!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "ते माझं फ्रेंच आहे!"

काकांनी साबणाकडे पाहिलं. त्यांना त्यात कुठेही फ्रेंच दिसलं नाही. त्यांनी तो उचलला, न्हाणीघरात नेऊन साबणदाणीत ठेवला आणि मगच पेपर उघडला.

या फ्रेंचचं मूळ एका फोनमध्ये होतं. मुलगा नोकरीसाठी परदेशात होता आणि तिथे त्याने लग्न ठरवलं होतं. मुलगी फ्रेंच. तिने हौसेने मराठी शिकायला घेतलं होतं आणि मोडकंतोडकं का होईना, बोलायची गोड. पण तिच्या आईला फ्रेंचशिवाय दुसरी कुठलीही भाषा येत नव्हती. मायलेकी घर बघायला, माणसं बघायला येणार होत्या. ते सांगताना मुलगा म्हणाला, "आई, तू बोलायचं टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना मध्ये. तू फक्त हस."

तू फक्त हस! काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. एके काळी शहरातल्या कोणालाही कोणाशीही बोलायचं तर मध्ये काकूंचा आवाज लागायचा. भांडणारे, रडणारे, नुसतेच 'हॅलो हॅलो' करणारे, सगळ्यांची बोलणी त्यांनी जोडून दिलेली. त्या बाईला स्वतःच्या विहिणीशी बोलायला मध्ये माणूस लागावा?

"मी एक वाक्य तरी माझ्या तोंडाने बोलणार," काकूंनी जाहीर केलं. "लेकीची आई आहे ती. एवढ्या लांब मुलगी द्यायची म्हणजे जिवाला घोर असणारच. तिला माझ्याकडून कळायला हवं की तिची मुलगी आम्हाला मनापासून पसंत आहे. दुभाष्याकडून नाही."

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. काकू पहिल्या बाकावर बसत आणि चुकलं तर सगळ्यांत मोठ्याने चुकत. आपल्यासारखा माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. काकू तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेल्या.

अडचण एकच होती, पाठ होत नव्हतं. "वहीत लिहिलं की वहीला येतं, मला येत नाही," त्या म्हणायच्या. मग एकदा वर्गात घरातल्या वस्तूंवरचे वाक्प्रचार आले, आणि काकूंची कळी खुलली. फ्रेंच लोक कोणाला झापतात तेव्हा त्याला साबण देतात. माणूस गोत्यात आला की 'छान चादरींत' सापडतो. झालं गेलं विसरायचं असलं की त्यावरून स्पंज फिरवतात. बाईंनी सांगितलं, "वस्तू डोळ्यांसमोर ठेवा आणि बोला. आपोआप येईल."

काकूंनी हा सल्ला जरा जास्तच मनावर घेतला. एक्स्चेंजच्या बोर्डावर कुठली वायर कुठल्या भोकात, हे त्यांच्या डोक्याला कधीच पाठ नव्हतं, हाताला आणि डोळ्याला होतं. तसाच त्यांनी घराचा बोर्ड केला. साबण सोफ्यावर, नवी चादर जेवणाच्या खुर्चीवर, स्पंज टीव्हीवर. येता-जाता वस्तूकडे बघायचं, वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि पुढे व्हायचं. आणि अहो, यायला लागलं की! सोफ्यापाशी काकू फाडफाड बोलायच्या. सोफा ओलांडला की मुक्या.

मानाची जागा मात्र बुटाची होती. काकांचा उजव्या पायाचा काळा बूट पुस्तकांच्या कपाटावर, दिव्याशेजारी विराजमान झाला.

"मों फिस आ त्रुव्हे शोस्यूर आ सों प्ये," काकू त्याच्याकडे बघून म्हणायच्या. "हेच माझं वाक्य. विहीणबाईंना हेच सांगणार."

"म्हणजे काय?"

"माझ्या मुलाला त्याच्या पायाचा बूट सापडला."

काका हबकले. "अगं, त्या बाईंना तोंडावर सांगणार, तुमची मुलगी बूट?"

"त्यांच्यात तसंच म्हणतात. अगदी जोडीची, मापाची बायको मिळाली, असा अर्थ आहे."

"पण लग्नाचा आणि बुटाचा संबंध काय?"

"आणि आपण दोनाचे चार हात म्हणतो ते? तुमच्या लग्नात कोणाला फुटले होते चार हात?"

काका चपला घालून फिरायला गेले, कारण डाव्या पायाच्या एकट्या बुटात फिरायला जाता येत नाही.

पुढे रोजचंच झालं. काकू वस्तू मांडायच्या, वाक्य म्हणायच्या, आणि काका मागून येऊन ती वस्तू उचलून जागेवर ठेवायचे. काकू पुन्हा काढायच्या. आल्यागेल्याला न्हाणीघरात साबण मिळेना, आणि टीव्हीवरचा स्पंज ठिबकून बातम्या मधेच बंद पडायच्या. दोघांपैकी कोणीच हटत नव्हतं. खरं तर दोघांचं म्हणणं एकच होतं, वस्तू जागेवर हवी. फक्त दोघांच्या जागा वेगळ्या होत्या.

मायलेकी यायच्या त्या दिवशी काकू फुलं आणि केक आणायला बाहेर पडल्या. तेवढ्यात मुलाचा फोन आला. विमान वेळेआधी उतरलं होतं, टॅक्सीही मिळाली होती, ते तिघं निघालेच होते.

काकांनी घरावर नजर टाकली आणि त्यांना घाम फुटला. सोफ्यावर साबण. टीव्हीवर स्पंज. कपाटावर बूट! परक्या देशातली विहीण पहिल्यांदा घरात पाऊल टाकणार आणि तिच्या स्वागताला बूट? काकूंच्या अब्रूचा प्रश्न होता. बिचाऱ्यांनी अगदी प्रेमाने घर लखलखीत केलं. साबण साबणदाणीत गेला, स्पंज मोरीत गेला. नवी चादर उगाच खुर्चीवर पडली होती, ती सोफ्यावर छान ताणून अंथरली. कपाटावर फुलदाणी आली. बुटाला पॉलिश झालं आणि तो, इतक्या दिवसांनी, काकांच्या पायात गेला.

काकू फुलं घेऊन दारात पोचल्या आणि टॅक्सीही त्याच वेळी पोचली. त्यामुळे घरात शिरल्या त्या पाहुण्यांसकटच.

विहीणबाई उंच, सडसडीत, डोक्यावर निळी टोपी. डोळे मात्र भेदरलेले. बरोबर आहे, त्या मुलीचं भवितव्य बघायला आल्या होत्या. सोफ्याच्या कडेवर त्या अशा बसल्या, की कोणी 'भॉक' केलं तर उडी मारून बाहेर पळतील.

काकूंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि त्या उभ्या राहिल्या.

"मों फिस आ त्रुव्हे..." त्या म्हणाल्या आणि त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

कपाटावर फुलदाणी होती.

माझ्या मुलाला सापडला, एवढं झालं होतं. काय सापडलं? विहीणबाई थोड्या पुढे सरकल्या. होणारी सून श्वास रोखून बघत होती. काकूंनी फुलदाणीवर डोळे वटारले, पण ती बापडी काय बोलणार? वर्गात फुलदाणी झालीच नव्हती.

"आई, राहू दे," मुलगा उठला. "मी सांगतो त्यांना."

"तू," काकू म्हणाल्या, "फक्त हस."

तो कसनुसा हसला आणि पुन्हा खुर्चीत बसला.

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. ओळखीचं काहीतरी सापडू दे! आणि सापडलं. विहीणबाई जिच्यावर बसल्या होत्या ती नवी चादर. जीभ आपोआप सुटली. "मों फिस ए दां द बो द्रा!"

माझा मुलगा चांगलाच गोत्यात आला आहे.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने मुलाकडे पाहिलं. "कसल्या गोत्यात? कर्ज आहे? तू मला सांगितलं नाहीस!" सून मराठीत म्हणाली. घाबरली होती तरी वाक्य बरोबर आलं.

"नाही गं! आई, काय बोललीस तू?"

"जे समोर होतं ते!"

विहीणबाईंनी खुणेने विचारलं, हात कुठे धुवू. काकू टॉवेल घेऊन मागोमाग धावल्या, निदान वाटेत तरी खुलासा करावा म्हणून. न्हाणीघराचं दार उघडलं आणि समोर साबण! काकूंनी तोंडावर हात नेला, पण उशीर झाला होता. "ज व्हे लुई पासे अं साव्हों."

मी त्याला चांगला झापणार आहे.

विहीणबाई बाहेर आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. त्या होणाऱ्या जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हाताची घडी घातली आणि झापणं कधी सुरू होतंय याची वाट पाहू लागल्या. मुलाची पाचावर धारण बसली. तो फ्रेंचमध्ये भराभरा काहीतरी सांगू लागला. पण ज्याची सख्खी आई त्याला गोत्यात आलेला म्हणते, त्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी मेहनत केली, आणि पोराचं लग्नच मोडायला निघालो आपण. फक्त हसलो असतो तर बरं झालं असतं.

काकांनी तो चेहरा पाहिला. मग कपाट पाहिलं. मग स्वतःचे पाय. आणि सगळा उलगडा झाला.

खुर्चीवर बसून त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशा थाटात खोली ओलांडली. फुलदाणी खाली ठेवली. कपाटावर, दिव्याशेजारी, टोक काकूंच्या दिशेने करून, बूट ठेवला.

"घे," ते म्हणाले. "जागेवर आहे."

काकूंनी बुटाकडे पाहिलं आणि आवाज लागला, थेट एक्स्चेंजमधला, ठणठणीत.

"मों फिस आ त्रुव्हे शोस्यूर आ सों प्ये!"

विहीणबाईंनी काकूंकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, काकांच्या मोज्याकडे पाहिलं. घडी घातलेले हात सुटले. मग त्या अशा हसल्या की त्यांना सोफ्याचा आधार घ्यावा लागला आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. सूनही हसत होती. फक्त मुलगा अजून खुलासे करत होता, चादरीचा, साबणाचा.

तेवढ्यात काका मोरीतून आले. हातात स्पंज. तो त्यांनी विहीणबाईंपुढे धरला आणि म्हणाले, "पासों लेपाँज."

झालं गेलं विसरून जाऊ. उच्चार असा अस्सल, की सून चमकून उभी राहिली.

"अहो!" काकू ओरडल्या. "तुम्हाला कसं येतं?"

"मला कुठे येतं? रोज उचलून ठेवताना तुझं कानावर पडायचं," काका ओशाळून म्हणाले. "वस्तू जागेवर जायची. वाक्य काही डोक्यातून जाईना."

विहीणबाईंनी डोक्यावरची टोपी काढली, काकाकाकूंपुढे किंचित वाकल्या आणि ती टेबलावर ठेवून म्हणाल्या, "शापो!"

काकूंना हे येत नव्हतं. घरात टोपीच नव्हती.

"टोपी," सून म्हणाली. "म्हणजे... तुमच्यासमोर आम्ही टोपी काढतो. तुम्ही फार भारी आहात."

त्या दुपारी दोघी आया शेजारी बसून खूप वेळ बोलल्या. काकू एकेक वस्तू मागवत, काका आणून देत. मुलगा मध्ये पडायला गेला की दोघी मिळून त्याला गप्प करत. पाहुण्यांना निरोप द्यायला काका एका बुटातच खाली उतरले, कारण दुसरा कपाटावरून काढायची कोणाची छाती झाली नाही.

टोपी विहीणबाई मुद्दाम विसरून गेल्या.

सकाळी काकूंनीच ती टेबलावरून उचलली. "कपाटात ठेवते हं. नाहीतर तुमची चिडचिड सुरू होईल."

काकांनी पेपरातून डोकं वर काढलं. उठले, काकूंच्या हातातून टोपी घेतली आणि होती तिथेच, टेबलाच्या मधोमध, पुन्हा ठेवली.

"असू दे," ते म्हणाले आणि तिच्याकडे बघत, दबक्या आवाजात, अगदी नीट म्हणाले, "शापो."