पलीकडच्या गवताचा पंचनामा

मराठी शाळांतल्या मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून वरच्या कार्यालयानं मार्चमध्ये आदेश काढला : इंग्रजीतल्या रंगांच्या वाक्प्रचारांचे उगम शोधून काढावेत. ते जिल्ह्याच्या हद्दीतच सापडले पाहिजेत. परदेशी उगम प्रथमदर्शनी अमान्य.

देवानंद गुरुजींकडच्या पुस्तकात वेगळंच होतं. 'रेड टेप' म्हणजे इंग्लंडात सरकारी कागद बांधायची लाल फीत. 'व्हाइट एलिफंट' म्हणजे सयामचा राजा नावडत्या दरबाऱ्याला भेट द्यायचा तो हत्ती. खाऊन खाऊन घर बुडवणार, आणि राजाची भेट परत करायची सोय नाही. 'रेड हॅन्डेड' म्हणजे स्कॉटलंडात रक्ताळलेल्या हातांनी सापडलेला माणूस. यातलं काहीच वाशिम जिल्ह्यात बसत नव्हतं.

पण आदेशाला शेवटचं कलम होतं. उगम सिद्ध करणाऱ्या शिक्षकास मागेल तिथं बदली.

गुरुजींची शाळा इंझोरीच्या पुढं, बस सोडून आत चालत जावं लागतं अशा खेड्यात. बायको रीता मंगरूळपीरला दवाखान्यात नर्स. संध्याकाळची बस बंद झाल्यापासून गुरुजी गावातच राहत, आणि लेक वैभवी त्यांना 'रविवारचे पप्पा' म्हणायला लागली होती.

तोवर बरेच रंग वाटले गेले होते. पांढरा हत्ती एका गावानं उचलला. त्यांच्याकडं कधीच न भरलेली पाण्याची टाकी होती. लाल फीत कार्यालयानं स्वतःकडंच ठेवली. तो प्रस्ताव अजून फिरतो आहे. गुरुजींच्या वाट्याला हिरवा आला : द ग्रास इज ग्रीनर ऑन द अदर साइड. पलीकडचं गवत नेहमी जास्त हिरवं.

*

(इथं गुरुजींनी विचार केला. त्या विचाराची नोंद करण्यासाठी स्वतंत्र रकाना नसल्यामुळे परिच्छेद निरंक.)

*

गावात जगदेव आणि गोपीचंद यांची वावरं लागून होती. मध्ये धुरा, म्हणजे बांध. दर नांगरणीला दोघंही धुरा आपल्या बाजूनं थोडा कोरत, त्यामुळे धुरा भाकरीएवढा उरला होता आणि बोलणं तेवढंही नाही. गुरुजी विस्तार अधिकारी रत्नमाला मॅडमना घेऊन धुऱ्यावर गेले. मॅडमच्या हातात कागद दिसताच दोघांनाही वाटलं, चाऱ्याची पाहणी आली. ज्याच्याकडं गवत हिरवं लिहिलं जाईल, त्याला सरकारी चारा मिळणार नाही.

"लिहा मॅडम," जगदेव म्हणाला, "माह्याकडं सारं गवत वायलं, कोरडं ठाक. हिरवं पाहाचं असन त गोपीचंदकडं पाहा."

"याचं काय आयकता," गोपीचंद म्हणाला, "हिरवं त याच्याच कडं हाये. मी रोज पाहून राह्यलो."

"चष्मा लाव."

"तूच लाव. मले इथून दिसते."

गवत दोन्हीकडं सारखंच होतं. म्हणजे नव्हतंच.

"मॅडम, कायले लिहून राह्यल्या?" जगदेवनं विचारलं.

मॅडमनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "इंग्रजीचं काम आहे."

हे खरं होतं. त्यांनी फक्त अर्थ सांगितला नाही.

पंचनामा :
> पश्चिमेकडील खातेदाराच्या मते पूर्वेकडील गवत हिरवे. पूर्वेकडील खातेदाराच्या मते पश्चिमेकडील हिरवे. पंच, पोलीस पाटील खेमा, यांनी मत दिले नाही. त्यांना दोन्हीकडे पाहुणचार आहे. सबब उगम येथीलच.

वरच्या कार्यालयाला एवढा शुद्ध उगम पहिल्यांदाच मिळाला. गुरुजींचा सत्कार झाला.

मग पंचनाम्याची प्रत शिस्तीनं चारा विभागात गेली. तिथं कोणाला इंग्रजी येत नव्हतं, पण बेरीज येत होती. पूर्वेकडं हिरवं, पश्चिमेकडं हिरवं. म्हणजे गाव हिरवं. गावाचं नाव टंचाईच्या यादीतून उडालं. पुढच्या आठवड्यात रिकामा ट्रक आला. हिरव्या गावानं रिठदकडच्या कोरड्या गावांना चारा द्यावा, असा आदेश होता.

जगदेवची आई चतुराबाई ट्रकपुढून उठेना. गुरुजी समजावायला गेले.

"आत्याबाई, हा वाक्प्रचार आहे. म्हणजे तसं खरं नसतं."

"मंग माह्या म्हशीले समजावून सांग बाप्पा. तिले वाटते भूक खरी हाये."

"मी वर लिहितो."

"तू लिहूनच त हे झालं."

गुरुजींनी तरीही लिहिलं. गवत हिरवं नाही, फक्त तसं वाटतं, हाच वाक्प्रचाराचा अर्थ आहे. उत्तर तत्परतेनं आलं : गवत हिरवे नसल्यास उगम खोटा ठरतो, व खोटा उगम सादर करणाऱ्यावर कारवाई होते. आपले गवत हिरवे आहे किंवा कसे, हे उलट टपाली कळवावे.

गुरुजी दिवसभर तो कागद धरून बसले. मग लिहिलं, "हिरवे आहे."

जगदेवनं म्हैस विकली. गोपीचंदनंही. दोघं एकाच गाडीतून बाजारात गेले आणि वाटेत बोलले, असं खेमा सांगतो. काय बोलले, ते गुरुजींना पाहून दोघंही गप्प झाले यावरून कळलं.

बदलीचा कागद जूनमध्ये आला. गुरुजींनी तो रीताला फोनवर वाचून दाखवला : उगमस्थळ जतन करणे आवश्यक असल्याने, ज्या शिक्षकास उगमाची संपूर्ण माहिती आहे त्यास तेथून हलवता येणार नाही. नियुक्ती कायम.

"कायम म्हणजे?" रीतानं विचारलं.

"त्याचा उगम शोधावा लागेल."

ती हसली नाही. मागून वैभवीनं विचारलं, कोण आहे गं.

हल्ली शहरातून शिकलेली माणसं गाड्या घेऊन धुऱ्यावर येतात. गुरुजी त्यांना अर्थ सांगतात, उगम सांगतात. ती खूप हसतात, या अडाणी गावावर आणि या कार्यालयावर, आणि आपल्याकडं बाबा असं नसतं, म्हणतात. तुम्हीही वाचताना हेच म्हणालात. काही हरकत नाही. तुमच्या गवताची तुमच्या शेजाऱ्यानं नोंद करून दिली आहे. ट्रक निघालाय.