अनंतपंत माळावर राहिले त्या दिवसाची हकीकत

श्रीवाटेश्वर समर्थ. चाकांस वारा पुरो, वाटसरूंस अन्न पुरो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद वद्य दशमी, भृगुवार, ते दिवशी जे घडले ते हुजुरांचे आज्ञेवरून लिहितो. राज्य म्हणावे तर एक मोटारघर, लांबी तेवीस फूट, रुंदी सात, खाली सहा चाके. आत मुदपाकखाना, हिमखाना, चार बिछाने आणि एक शौचकूप. राज्याचे धनी आणि सारथी हिंदूराव जाचक. त्यांचे कुटुंब पुष्पलताबाई, मुदपाकखाना व कायदेकानू यांजकडे. हिंदूरावांचे वसतिगृहापासूनचे, पन्नास वर्षांचे स्नेही अनंतपंत वर्तक, नकाशे यांजकडे. आणि चौथा हा लिहिणार, यास सारे चिटणीस म्हणत, काम हजेरी घेणे आणि बखर लिहिणे. घरून निघोन सत्तावन्न दिवस जाहले, पाच मुलूख ओलांडले, आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता बंदरातून मोटारी नेणारी नाव सुटणार होती. ती चुकली तर पुढची दहा दिवसांनी, आणि या मुलखाच्या परवान्याचे दिवस उरले सहा. म्हणजे नाव चुकली की स्वारी आल्या वाटेने माघारी. म्हणोन हुकूम जाहला जे पहाटे साडेपाचास कूच करावे.

त्यात घरात दुफळी. चार दिवसांमागे अनंतपंतांनी नकाशा पाहोन उजवी वाट सांगितली, हिंदूरावांनी वाट सांगणाऱ्या यंत्रातल्या बाईचे ऐकोन डावी धरली, आणि गाडी आसापर्यंत वाळूत रुतली ती नऊ तास निघेना. अनंतपंत इतकेच बोलले, "मी म्हणालो होतो." झाले. तेव्हापासोन दोघांत अबोला. मिठाची बरणी मागावयाची तरी पुष्पलताबाईंमार्फत. म्हातारपणी पोरांसारखे रुसावे, याला काय म्हणावे? आणि त्याच सुमारास शौचकूपाची टाकी भरली, ती बंदरी पोहोचल्यावाचून रिकामी होणे नव्हते, म्हणोन धन्यांचा दुसरा हुकूम की प्रातर्विधीस सर्वांनी माळावर जावे.

आता मुख्य गोष्ट. पहाटे पाचास, अंधूक उजेडात, अनंतपंत उठले, कानटोपी घातली, टमरेल घेतले आणि खाली उतरले. हा लिहिणार ते समयी जागा होता. काचेतून दिसले की पंत डावीकडच्या टेकाडाकडे चालले आहेत. त्यांनी वळोन हात हलविला, लिहिणारानेही गोधडीतून हात हलविला. कोठे आणि किती वेळ, हे पुसले नाही. पुष्पलताबाईंचा कायदाच आहे जे निघाल्या माणसास 'कुठे' म्हणोन विचारू नये, काम होत नाही. हा कायदा त्यांच्या सासूचा, सासूच्या सासूचा, आणि पाच मुलुखांत तो पाळला गेला. परंतु खरे लिहावे तर गोधडी उबदार होती. मग डोळा लागला. मग हिंदूरावांनी सारथ्याच्या जागी बसोन हाक दिली, "चिटणीस, सगळी हायत का? त्यो हाय का?" नाव घ्यावयाचे नाही, म्हणोन 'त्यो'. पंतांच्या बिछान्याचा पडदा ओढलेला होता, आणि उठोन तो बाजूस करण्यास चार पावले पडत होती. लिहिणार म्हणाला, "आहेत." आणि गाडी निघाली.

नऊ वाजता, दीडशे किलोमीटर मार्ग सरल्यावर, पुष्पलताबाईंनी उपमा केला आणि हिमखान्यातून पंतांची इन्शुलीन काढली, कारण पंतांस मधुमेह, सुई घेतल्यावाचून घास घेत नाहीत. बाईंनी पडदा सारला. बिछान्यावर उशी, चष्म्याचे घर आणि चार्जिंगला लावलेला फोन. बाई म्हणाल्या, "अहो, गाडी थांबवा. भावजी न्हाईत."

हिंदूरावांनी ऐसा ब्रेक मारला की उपमा भिंतीस लागला. मग खाली उतरोन गाडीच्या मागे पाहिले, छतावर पाहिले, चाकांखालीसुद्धा पाहिले, आणि तोंड पांढरे जाहले. नावेचे नाव कोणी काढले नाही. गाडी वळली. बाई म्हणाल्या, "हळू हाका, आपणच पडलो तर त्यांस्नी कोण बघंल?" परंतु हिंदूराव ऐकत नव्हते, दर थोड्या वेळाने एकच बोलत, "म्या हाक मारली असती तर? नुस्तं 'अंत्या, चल' म्हटलं असतं तर?" आणि हा लिहिणार शेजारी बसोन रस्ता पाहत होता. तोंड उघडावे, सांगावे की धनी, दोष तुमचा नव्हे, ऐसे दहादा मनात आले आणि दहादा गिळले. माणूस औषधावाचून, पाण्यावाचून, अंगात एक स्वेटर. वारा ऐसा की गाडी हलते. आणि वाटेत दोन ठिकाणी कोल्ह्याहून मोठे काही दिसले, ते कुत्रे असावेत ऐसे सर्वांनी ठरविले. देवाला नवस केला, तोही आपले नाव न घेता.

साडेअकरास मुक्कामाची जागा आली, ती आदल्या दिवशी टाकलेल्या चहाच्या चोथ्यावरून ओळखली. पंत नव्हते. चहूकडे पिवळा माळ. हिंदूराव उजवीकडे धावत सुटले, "अंत्या! अरं अंत्या!" ऐसा पुकारा करीत, आणि बाई त्यांच्या मागे. पंत डावीकडे गेले हे ठाऊक असणारा मनुष्य त्या माळावर एकच होता. बोलावे तर चोरी उघड, न बोलावे तर स्नेह्याचा जीव. पाचपंचवीस श्वास गेले असतील. तेवढेही जावयास नको होते. मग लिहिणार ओरडला, "डावीकडे! टेकाडाकडे गेले असतील!" असतील म्हणाला, गेले म्हणाला नाही. बाई वळल्या, एकवार लिहिणाराकडे नीट पाहिले आणि टेकाडाकडे निघाल्या.

टेकाडाच्या आडोशास पंत सापडले. गाडीमागे धावताना पाय मुरगळला होता, ओठ सुकले होते, अंग कापत होते, परंतु शुद्ध होती. हिंदूरावांनी त्यांस पाठुंगळी घेतले, सत्तरीला टेकलेला मनुष्य, आणि गाडीपर्यंत खाली ठेविले नाही. बाईंनी साखर मोजली, आकडा मोठा होता, सुई दिली, पाणी पाजले, उपम्याचे उरले ते दिले. मग पंतांनी घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, "नाव?"

हिंदूराव म्हणाले, "बुडू दे तिकडं."

"म्हणजे परत फिरायचं? दोन वर्षं तयारी केलीस हिंद्या. माझ्यासाठी?"

"न्हाई, त्या टमरेलासाठी." ऐसे बोलले आणि ढसढसा रडू लागले. "अंत्या, माझ्यामुळं झालं रं. चार दिस अबोला धरला. तुला हाक मारली असती तर राहिला नसतास."

आणि मग पंतांनी मान वर केली आणि लिहिणाराकडे पाहिले. काचेआडचा हात त्यांस आठवत होता, यात संशय नाही. पंत हिंदूरावांस म्हणाले, "तुझ्यामुळे कसलं? चूक माझी. मी उतरलो तेव्हा सगळे झोपलेले होते. कुणाला सांगून गेलोच नाही."

त्या समयी लिहिणारास सुटल्यासारखे वाटले, आणि सुटल्यासारखे वाटले याचीच मग लाज वाटली. सायंकाळी चहा नेऊन दिला आणि म्हटले, "पंत, सकाळी मी..." पंत म्हणाले, "बिनसाखरेचा ना?" आणि कप घेतला. पुढे बोलू दिले नाही.

तात्पर्य, नाव गेली, बंदर राहिले, स्वारी माघारी फिरली, दोन वर्षांचा बेत मातीस मिळाला. मनुष्य परत आला. दोघे स्नेही काल सायंकाळपासोन शेजारी बसोन रस्त्यावरून पुन्हा भांडताहेत. हिंदूराव अजून समजतात दोष त्यांचा, पंत सांगतात दोष पंतांचा. दोघांचाही नव्हे. 'आहेत' म्हणणारा हा लिहिणार. या राज्याचा शिरस्ता आहे जे आदल्या दिवसाची बखर दुसरे दिवशी न्याहारीस मोठ्याने वाचावी, आणि वाचावयाची ती चिटणिसाने. उजाडत आले आहे. बाईंनी स्टोव्ह पेटविला आहे.