गॅरेजमधलं रोमन थिएटर

अरविंदकाकांच्या गॅरेजमध्ये शिरताना वाकावं लागतं. दार चांगलं उंच आहे, पण काका आतून ओरडतात, "डोकं सांभाळ, कमान आहे!" खरी कमान इटलीतल्या एका डोंगरी खेड्याच्या वेशीवर आहे, रोमन काळातली. इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरात, काकांनी गॅरेजभर त्या खेड्याची प्रतिकृती उभारलीय; तिची कमान पुठ्ठ्याची आहे आणि दोरीला लोंबते.

काका मोटारींचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झाले. मूळचे कराडचे. पण ते "आमच्या गावात" म्हणाले की कराड समजायचं नाही. "आमच्या गावात रोमन थिएटरच्या पायऱ्यांवर लोक घरं बांधून राहतात." "आमच्या गावातलं चर्च जुन्या देवळावर बांधलंय. वरचं सोड गं, पाया बघ!" इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, आपण पुरणपोळी वाढून घेत असतो आणि हे तिच्यावर चमच्याने रेघ ओढून डोंगरातलं पाणी गावात कसं आणलं ते दाखवतात. त्या गावी काका कधीही गेलेले नाहीत.

हेही मी सोसलं असतं. पण दिवाळीत मंडळाची किल्ले स्पर्धा असते आणि तिचे नियम मी लिहिलेत. पहिलाच नियम: किल्ला महाराष्ट्रातला हवा. इथल्या मुलांना रायगड आणि तोरणा वेगळे ओळखता यावेत, म्हणून कमिटीशी भांडून मी तो मंजूर करून घेतला. आणि दरवर्षी काका त्या इटालियन गावाचा फॉर्म भरतात. दरवर्षी मी तो परत करते.

"अगं, तटबंदी आहे, बुरूज आहे, खडकात कोरलेली थडगी आहेत. आणखी काय हवं?"

"महाराष्ट्र."

"तो पायऱ्यांवर बसलाय की."

थिएटरच्या पायऱ्यांवर खरोखरच भारतातून आणलेले मावळे बसवले होते.

"तलवारी उपसून नाटक बघतात, काका?"

"नाटक पडलंय."

यंदा मात्र ते गयावया करायला लागले. "बक्षीस नको. नुसती एन्ट्री घे. एन्ट्रीचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकता ना, तेवढा टाक."

"मग तुम्हीच टाका."

"मी नाही टाकणार."

आता या माणसाला काय म्हणायचं? नियम एका काकांसाठी वाकवला, तर उद्या कोणी आयफेल टॉवर घेऊन येईल!

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी नकार तोंडावर सांगायला गेले. गाडी बाहेर थंडीत गोठत होती आणि काका आत गुडघे टेकून, दिव्याखाली उगवलेल्या मोहरीवर पाणी शिंपडत होते. थिएटरशेजारी दोरी लावून आखलेला एक चौकोनी खड्डा होता. त्यात टोपी घातलेली बाहुली.

"ही कोण?"

"केतकी," काका म्हणाले.

केतकी त्यांची मुलगी. युरोपात जॉब करते, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकीचं काकांनी आत्ता सांगितलं. तिने इंजिनीअरिंग सोडून पुरातत्त्व घेतलं तेव्हा काका म्हणाले होते, "दगड उकरायला शिकवलं का तुला?" तेव्हापासून बापलेकीचं बोलणं नाही. ती याच गावात उत्खनन करते. तिच्या टीमच्या वेबसाइटवर फोटो आला की काका बाहुली हलवतात.

"मंडळाच्या ग्रुपमधून मात्र ती बाहेर पडलेली नाही," ते पाणी शिंपडत म्हणाले. "मी रोज बघतो."

मी नियम मोडला नाही. फोटो काढला, खाली काकांचं नाव आणि 'स्पर्धेबाहेर' असं लिहिलं आणि ग्रुपवर टाकला.

कोणीतरी विचारलं, हा कोणता गड? कोणीतरी नुसतेच हात जोडले. मग केतकीचा मेसेज आला. मी मोठ्याने वाचला: "वेबसाइट जुनी आहे. तो खड्डा आम्ही कधीच बुजवला. आता चर्चमागे खणतोय. बाबांना सांगा."

आजवर काकांनी माझी एकही दुरुस्ती मानलेली नाही. आता मात्र त्यांनी मुकाट्याने दोरी सोडली, बाहुली उचलली आणि चर्चमागे नेली. तिथे हात थबकला.

"चर्चमागे म्हणजे नेमकं कुठे? विचार ना तिला."

"तुम्ही विचारा!" मी जवळजवळ ओरडलेच. "मी काय पोस्ट ऑफिस आहे?"

काका उठले. पँटला पुसून एकेका बोटाचा चिखल काढला. मग फोन शोधू लागले. टेबलावर, खोक्यांमागे, मातीच्या पोत्याखाली. तो त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता. मी सांगितलं नाही. त्यांना थोडा वेळ हवा होता.