हैबतरावांची पिवळी गाडी पाहून सिधोजीरावांनीं तांबडी घेतली, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायीं माथा ठेवून, ऐकणारांचे कान घटकाभर उसने मागून, घडलें वर्तमान लिहितों. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, भाद्रपद मास. एका राज्यांत, ज्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, सिधोजीराव नामें थोर सरदार नांदत होते. जमीन बहुत, मान बहुत, उणें कांहीं नव्हतें. ऐसें असतां गणेशचतुर्थीचे दिवशीं त्यांचे चुलतबंधु हैबतराव आरतीस आले, ते नव्या स्पोर्ट्स कारीत बसून आले. गाडी पिवळी, बुटकी, दोन आसनांची, आणि आवाज ऐसा कीं झांजा ऐकूं येईनात. मग मंडपांतील लोक देवाकडे पाठ करून गाडी पाहावयास गेले, आणि त्यांमागें गुरुजीही गेले, आणि सिधोजीराव हातीं आरतीचें ताट घेऊन एकटे उभे राहिले. हैबतराव प्रेमानें बोलिले, "दादा, बसून पाहतां काय?" सिधोजीराव बोलिले, "नको, गुडघे दुखतात." गुडघे दुखत नव्हते.

ते दिवसापासून सरदारांस मोदक कडू लागले. रस्त्यानें ती गाडी गेली कीं सरदार खिडकीशीं जात आणि गेली म्हणजे बराच वेळ तेथेंच उभे राहत. आल्यागेल्यास पुसत, "खड्ड्यांत खालून घासते म्हणे?" कोणी होय म्हटलें तर त्यास चहा मिळे. एकानें घाटांत गाडीचें चाक पंक्चर जाहल्याची खबर आणिली, त्यास पेढे मिळाले. परंतु पंक्चर निघालें आणि गाडी पुन्हा धांवूं लागली, मग सरदारांनीं अन्न टाकिलें.

शेवटीं गौरी विसर्जन होतांच सरदार शहरास गेले आणि ज्या लखमीचंद शेटजींनीं ती गाडी विकिली होती त्यांचेच शोरूमांत जाऊन उभे राहिले. बोलिले, "हैबतरावांनीं नेली तीच द्या. मात्र तांबडी." शेटजी धंद्यांत मुरलेले. त्यांनीं सरदारांचे मुखाकडे पाहिलें, वेलदोड्याचा चहा मागविला आणि मोल सांगितलें. त्यावरी विमा, त्यावरी पॉलिश, त्यावरी आसनांचें कातडें, त्यावरी हाताळणीचा खर्च. आणि हळूच बोलिले, "हैबतरावसाहेबांनीं एका शब्दानें घासाघीस केली नाहीं. मोठें मन." हा शब्द सरदारांस बाणासारखा लागला. बोलिले, "आमचेंही मन लहान नाहीं. जें म्हणाल तें देतों." इतकी रक्कम खजिन्यांत नव्हती, म्हणोन नदीकांठची आमराई विकावी ऐसा निश्चय करून घरीं आले.

ही गोष्ट द्वारकाबाईसाहेबांचे कानीं गेली. बाईसाहेब म्हणजे सरदारांचें कुटुंब, बोलणें थोडें, नजर तीक्ष्ण. बोलिल्या, "गाडी घ्यावयाची तर घ्यावी. आमराई कां?" सरदार बोलिले, "मोलच तितकें आहे." बाईसाहेब बोलिल्या, "मोल तितकें नाहीं. आपलें पोट दुखतें तें शेटजींस दिसलें, त्याचे पैसे लाविले." मग बाईसाहेबांनीं दुसऱ्या दोन शहरांत फोन करून त्याच गाडीचें मोल पुसलें, आणि पितृपक्ष लागूं दिला. पितृपक्षांत नवें कोणी घेत नाहीं, शोरूमांत माशी हालत नाहीं, तेव्हां सरदारांस घेऊन गेल्या. वाटेंत इतकेंच सांगितलें, "हैबतरावांचें नांव घेऊं नये."

शेटजी चकित जाहले. बोलिले, "बाईसाहेब, पितृपक्ष आहे." त्या बोलिल्या, "बोलावयास पितृपक्ष आड येत नाहीं. गाडी दसऱ्यास नेऊं. गाडीचें मोल वेगळें सांगा, वरचें वेगळें सांगा." मग विमा आपला आपण काढूं म्हणाल्या, पॉलिश नको म्हणाल्या, आणि हाताळणीचा खर्च म्हणजे कोणीं काय हाताळिलें हें पुसलें, तें शेटजींस सांगतां येईना. मोल उतरूं लागलें. तों सरदारांस राहवेना. बोलिले, "हैबतरावांचे गाडीचें छत उघडतें काय?" शेटजींचे डोळे उजळले. "त्यांचें नाहीं उघडत, सरकार. उघडणारी आहे, परंतु तिचें मोल..." बाईसाहेब उठल्या. "चला." सरदारांचे पाय उठेनात. बाईसाहेब दारापर्यंत गेल्या, पायऱ्या उतरल्या, आणि सरदारही मागें पाहत पाहत निघाले, तों शेटजी धांवत आले. "बाईसाहेब, दुसरीकडे काय सांगितलें तें तरी सांगा." त्यांनीं खरें तेंच सांगितलें. शेटजी बोलिले, "त्या मोलांत मला कांहीं राहत नाहीं." बाईसाहेबांनीं विचार केला आणि बोलिल्या, "तुमचेंही पोट आहे. थोडें वर देतें. छत बंदच असूं द्या." शेटजींनीं हात जोडिले. मोल रास्त ठरलें, आमराई वांचली.

मग दसरा आला आणि तांबडी गाडी पूजा होऊन, झेंडूची माळ लेऊन दारीं उभी राहिली. तेव्हां उमगलें कीं आसनें दोनच, आणि सरदारांनीं जन्मांत गाडी हांकिली नव्हती. ड्रायव्हर घ्यावा तर सीमोल्लंघनास नवराबायकोनें एकत्र जावें कैसें? बाईसाहेब माहेरीं गाडी शिकल्या होत्या. त्यांनीं पदर खोंविला आणि सुकाणूचें चाक हातीं घेऊन बसल्या, सरदार शेजारीं बसले, आणि फेटा छताला टेंकला. वेशीपाशीं हैबतराव पिवळी गाडी घेऊन उभे होते. पुसूं लागले, "वहिनी, केवढ्यास पडली?" त्यांनीं सांगितलें. हैबतरावांचा चेहरा उतरला. या क्षणाकरितां सरदारांनीं महिनाभर अन्न गोड मानिलें नव्हतें, आणि तो क्षण बहुत गोड लागला. परंतु हैबतराव बोलिले, "वहिनी, शोरूमांत मी तुम्हांसच नेलें असतें तर बरें होतें," आणि अवघी गर्दी बाईसाहेबांचे बाजूस जमली. कोणी मोल पुसे, कोणी वेग पुसे, पोरी फोटो मागत. सरदारांचे बाजूस कोणी आलें नाहीं. मग एक गृहस्थ फोन उंच धरून अदबीनें बोलिला, "सरकार, जरा उतरतां काय? बाईसाहेबांचा आणि गाडीचा फोटो घ्यावयाचा आहे." सरदार उतरले आणि आपट्याचीं पानें हातीं धरून बाजूस उभे राहिले.

येणेंप्रमाणें वर्तमान. गाडीचें मोल रास्त पडलें, हैबतरावांविषयींचा मत्सर सरदारांचे मनांतून साफ गेला, आणि तो गेला तो घरांतच येऊन राहिला. हल्लीं सरदार गाडी शिकतात. बाईसाहेब किल्ली देत नाहींत. पाहिलें तितकें लिहिलें, न पाहिलेलें लिहिलें नाहीं.