आधी नाव, मग वाटी

आमच्या घरी मांजर आणण्याचा निर्णय एकमताने, म्हणजे माझ्या मताने, झाला. रस्त्यावरच्या बेवारशी मांजरांना घर मिळवून देणारी एक संस्था आहे, तिथून ती आली. करडा रंग, डाव्या कानाचा तुकडा गेलेला, आणि स्वयंपाकघर कुठे आहे हे कुणालाही न विचारता ओळखण्याइतकी हुशारी. तिला पोहोचवायला संस्थेचे अधिकारी जातीने आले होते. त्यांनी नियम सांगितला.

"आधी नाव घेऊन हाक मारायची, मगच वाटी पुढे करायची. अगदी पहिल्या घासापासून. नावाशिवाय खायला घातलंत, तर ती जन्मात हाकेला येणार नाही. आठवड्याने मी पाहणीला येईन. नावात गोंधळ दिसला, तर मांजर परत घेऊ."

"तुमच्याकडे तिला काय म्हणत होते?" आमच्या यजमानांनी विचारले.

"ते सांगता येत नाही. जुन्या नावाला जुनी दुःखं चिकटलेली असतात."

मला नियम पटला. या घरात हाक मारून माणसे येत नाहीत; निदान मांजराने तरी यावे, ही अपेक्षा गैर नव्हती.

संध्याकाळी बैठक भरली. शिजवलेल्या मासळीची वाटी टेबलाच्या मधोमध जाळीखाली झाकून ठेवली होती आणि मांजर त्या जाळीकडे एकटक पाहत होते. आमचे चिरंजीव रंगाच्या कंपनीत आहेत. पांढऱ्या रंगाच्या छटांना नावे देणे हे त्यांचे काम. एकच पांढरा रंग त्यांनी कितीतरी नावांनी विकला आहे.

"नाव असं झटकन ठेवायचं नसतं, आई," ते म्हणाले. "आधी व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करायला हवा."

"तिचं व्यक्तिमत्त्व भुकेलेलं आहे," यजमान म्हणाले.

"बाबा, ती अवस्था झाली. अवस्थेवरून नाव ठेवलं, तर पोट भरल्यावर बदलावं लागेल."

सूनबाई शाळेत समुपदेशक आहेत. मुलांवर काहीही लादू नये, हे त्या पालकांवर लादतात. त्यांचे म्हणणे पडले, की मांजराची संमती घेतली पाहिजे. एकेक नाव तिच्यासमोर उच्चारावे आणि तिची प्रतिक्रिया नोंदवावी. तसे केले. प्रत्येक नावाला ती सारख्याच कळवळ्याने ओरडली.

"सगळ्याला हो म्हणजे कशालाच हो नाही, आई," सूनबाईंनी निष्कर्ष काढला.

माझी अट साधी होती. नाव गॅलरीतून खणखणीत हाक मारता येईल असे हवे. त्या अटीवर तीन नावे बाद झाली. एक परक्या भाषेतले होते, एक माझ्या सासूबाईंचे निघाले आणि एक उच्चारताना माझी कवळी सरकत होती.

दुसऱ्या दिवशी उपसमिती नेमली. पाण्याविषयी नियमात काही म्हटलेले नव्हते, म्हणून पाणी मुबलक दिले. आम्ही काही निर्दय नाही. यजमानांनी तात्पुरत्या नावाचा प्रस्ताव मांडला.

"नको, बाबा," चिरंजीव म्हणाले. "कोपऱ्यावरचा तात्पुरता पूल तुमच्या लग्नाआधीपासून उभा आहे."

"अगं, मग मी नुसता एक घास..." यजमान माझ्याकडे वळले.

"नुसता एक घास म्हणूनच घराची शिस्त मोडते," मी म्हणाले.

"इतक्या वर्षांत तू मला एकदाही नावाने हाक मारलेली नाहीस. तरी मी जेवायला येतोच की!"

हे विधान कामकाजातून वगळण्यात आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराची खिडकी उघडी राहिली आणि मांजर निघून गेले. यजमान वाटी घेऊन तिला शोधायला बाहेर पडले. हाक काय मारायची हे ठरलेले नसल्यामुळे ते गल्लीगल्लीतून नुसती वाटी वाजवत फिरले. काही लोकांनी त्यांच्या वाटीत सुटे पैसेही टाकले.

इकडे कामाला विलक्षण वेग आला. आता स्वभावाचा अभ्यास उरला नव्हता, संमतीचा प्रश्न उरला नव्हता, कानाशी कुणी ओरडतही नव्हते. चहा उकळेपर्यंत नाव ठरले. सूनबाई आणि मी एकाच नावाला हो म्हणालो, हा घराण्याच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग. नाव असे साधले होते, की चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी आले. ते धावत खाली गेले आणि त्यांनी वडिलांना नाव सांगितले. मग बापलेकांनी मिळून, अंधार पडेपर्यंत, त्या मांजराला तिने कधीही न ऐकलेल्या नावाने हाका मारल्या.

ठरल्याप्रमाणे अधिकारी पाहणीला आले. दिवाणखान्यात मऊ गादी मांडली होती, तिच्यावर पितळी अक्षरांत नाव झळकत होते. त्यांनी ते दोनदा वाचले.

"घरात सर्वांना मान्य?"

"एकमताने," मी म्हणाले.

"कमाल आहे! पुष्कळ घरांचं घोडं इथेच अडतं."

"साहेब, मांजर नाहीये," यजमान मध्येच म्हणाले. "ती गेली."

"मांजर पाहणं माझ्याकडे येत नाही, काका. तो विभाग निराळा. तिथली नेमणूक अजून व्हायची आहे. माझ्याकडे फक्त नाव."

"पण ती उपाशी गेली हो!"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. "नियम पाळूनच ना?"

"तंतोतंत."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी आमचे कुटुंब आदर्श ठरवले.

तेव्हापासून दर रविवारी संस्थेच्या सभागृहात, मांजर नेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांपुढे माझे व्याख्यान असते. आता सांगितली तशीच, एक शब्दही न गाळता, मी ही हकिकत सांगते. शेवटी विचारते, "काही शंका?" भराभर हात वर होतात. शंका सगळ्यांची एकच असते. मागच्या रांगेत यजमान बसलेले असतात. कुणीतरी दुसरे काही विचारील, म्हणून अजून दर खेपेला मान उंच करून पाहतात.

तुमचाही हात वर दिसतो आहे. विचारा, संकोच कसला? नाव काय ठेवले, हेच ना?