हसुरामकाकांचं हेलिकॉप्टर

आमच्या शेजारचे हसुरामकाका दुपारी जेवण झालं की धुतलेला शर्ट घालतात, केसांना पाणी लावून भांग पाडतात, चपला दाराशी काढून ठेवतात आणि हेलिकॉप्टर उडवायला बसतात. हेलिकॉप्टर कॉम्प्युटरमधलं. घरात एकटा माणूस, बघायला कुणी नाही, तरी गंजीफ्रॉकवर उडवलंय असं कधी झालेलं नाही. सोसायटीत त्यांना पायलटकाका म्हणतात. तोंडावर नाही, लिफ्टमध्ये.

आम्ही उलव्यात राहायला आलो ते स्टेशन आणि स्वस्ताई बघून. काका मात्र इथलेच, म्हणजे आता जिथे विमानतळ झालाय तिथल्या एका गावचे. गाव उठलं, टेकडी सपाट झाली, माणसं पांगली आणि काकांच्या वाट्याला आमच्या मजल्यावरचा फ्लॅट आला. उभी नोकरी बंदरात क्रेनवर गेली, त्यामुळे हातात जॉयस्टिकचा दांडा आला की त्यांचा हात अजून हलत नाही. कॉम्प्युटर मुलाचा. तो पुण्याला गेला तेव्हा हा मागे ठेवून गेला. नव्या घरात सूनबाईंनी खेळण्याला जागा दिली नसावी, असा माझा अंदाज. आमच्या बिल्डिंगवरून खरी विमानं जातात तेव्हा मुलं गच्चीवर धावतात आणि काका उठून खिडकी लावून घेतात.

मी एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम बघते. हे काकांना कुठून तरी कळलं आणि माझे रविवार संपले. बेल वाजायची आणि दारात नीट भांग पाडलेले काका असायचे.

"पोरी, काला झाला."

हे त्यांचं कायमचं वाक्य. लिफ्ट बंद पडली, काला झाला. दूध नासलं, काला झाला. सोसायटीची मीटिंग भांडणात संपली तरी काका खुर्ची उचलता उचलता तेच म्हणणार. इथे मात्र पडदा खरोखरच काळा व्हायचा. हेलिकॉप्टर खाडी ओलांडायचं, काकांची मान पुढे यायची आणि पुढच्या क्षणी अंधार. मग पाटी यायची की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलंय.

या धंद्यात जेवढे उपाय आहेत तेवढे मी केले. ड्रायव्हर म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, तो मुळापासून काढून पुन्हा टाकला. नवा नको म्हणून जुना टाकला. पंख्यातली धूळ झाडली. ग्राफिक्स कार्ड बाहेर काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले. काकांचे उपाय वेगळे चालू होते. दसऱ्याला कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडूचा हार झाला, त्याच्यासमोर नारळ फुटला आणि त्या नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडल्यामुळे माझा आणखी एक रविवार गेला. एकदा मी वैतागून म्हटलं, काका, दुसरीकडे कुठे तरी उडवा. त्यांनी शहाण्या माणसासारखं ऐकलं. दिल्लीवरून गेले, काही नाही. लंडनवरून गेले, काही नाही. घराकडे वळले की काळं.

शेवटचा उपाय म्हणून मी खेळ अपडेट करायला घेतला आणि काकांनी माझा हात धरला. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"सगला कर पोरी, पन ता अपडेट नको करू. त्याचेन नवीन विमानतल हाय. गाव जाल माजा."

तेव्हा कळलं की इंटरनेटची वायर नेहमी काढलेली का असते. खेळाच्या जुन्या नकाशात तिथे नुसती हिरवी-करडी जमीन होती आणि त्या जमिनीवर काकांनी आपलं गाव बांधून ठेवलं होतं. फोनवर व्हिडिओ बघून शिकले म्हणे. गावदेवीचं देऊळ, विहीर, मासळी सुकत घालायचा ओटा, एकाला एक टेकलेली घरं. मला इतके दिवस सांगितलं नाही, कारण मी हसेन असं त्यांना वाटलं. मी हसले असते.

गाव उघडून बघितलं आणि दुखणं सापडलं. घरांच्या भिंती म्हणजे लग्नांचे आणि हळदीचे जुने फोटो होते. काकांनी ते स्कॅन कुठे केले? चौकातल्या बॅनरवाल्याकडे. त्या माणसाने आयुष्यभर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर छापलेले, त्याने प्रत्येक फोटो नाक्यावर टांगता येईल एवढा मोठा करून दिला. म्हणजे प्रत्येक घराच्या प्रत्येक भिंतीला एकेक बॅनर. गाव जवळ आलं की ते सगळे एकदम अंगावर यायचे आणि बिचाऱ्या कार्डाचा जीव जायचा. ड्रायव्हरला आम्ही उगाच शिव्या घातल्या होत्या.

काका, फोटो बारीक करावे लागतील, मी म्हटलं. थोडे पुसट होतील. त्यांनी मान डोलावली. मी एकेक घर घेत गेले. एका घराशी ते म्हणाले, हा राहू दे.

त्या घराच्या दारात एक बाई उभी होती. घरातल्या कुणाच्या तरी हळदीत फोटोवाला सजवलेल्या दाराचा फोटो काढत होता आणि ही आतून बाहेर आली. उन्हामुळे कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे बघतेय. गोमतीकाकी, काकांची बायको. घर पडायच्या आधीच त्या गेल्या. गेल्या ते एका परीने बरंच झालं, असं काकांनी मला एकदा सांगितलं होतं. मी पाळीवरून यायचो तेव्हा ती अशीच उभी असायची, एवढंच ते आता बोलले.

मी बाकीचं गाव बारीक केलं आणि ते दार तसंच ठेवलं.

काकांनी उड्डाण घेतलं. खाडी आली. मी खुर्चीची कड धरून बसले. पडदा काळा झाला नाही. देऊळ आलं, विहीर आली, पुसट पुसट घरं आली. मला वाईट वाटलं. घरं फारच धूसर झाली का, असं मी विचारलं.

"असू दे. मना पन आता तशीच आठवतान."

मग ज्या हाताने त्यांनी उभी नोकरी कंटेनर उतरवले, त्या हाताने त्यांनी हेलिकॉप्टर अगदी अंगणात उतरवलं, दाराच्या समोर. इतकं जवळ की पडदाभर काकीच होत्या. बॅनरच्या मापाचा तो फोटो तेवढ्या जवळूनही पुसट झाला नाही. कपाळावरचं कुंकू दिसत होतं, हाताची बोटं दिसत होती. काकांनी इंजिन बंद केलं. पंखा फिरायचा थांबेपर्यंत थांबले. एकदा केसांवरून हात फिरवला.

"आयलो गो," ते पडद्याला म्हणाले.

मी उठले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. बाहेर त्यांच्या चपला होत्या, घरात शिरताना काढतात तशा, एकमेकींना लावून.